नाथांचा वाडा आणि भारुडांचीं बाडें

वाळूजच्या औद्योगिक वसाहतींतील बजाजनगर हें संशोधकानें मुद्दाम जावें असें ठिकाण नव्हे. १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना वाळुजेस सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्यानें जी वस्ती वाढली तिला कारखान्याचेंच नांव मिळालें. तेथें ताम्रपट नाहीं, शिलालेख नाहीं, पडका बुरूजहि नाहीं. तथापि ज्या प्रश्नाचा विचार पुढें करावयाचा आहे तो आमच्यापुढें प्रथम उभा राहिला तो याच वस्तींत; म्हणून आरंभ येथूनच करणें प्राप्त आहे.

एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही उतरलों होतों. फाल्गुनाचे दिवस, नाथषष्ठी नुकतीच होऊन गेलेली. शेजारींच पंढरपूर नांवाचें गांव आहे. त्यास लोक छोटें पंढरपूर म्हणतात व आषाढी एकादशीस तेथें मोठी यात्रा भरते. त्या बाजूची एक भजनी मंडळी रात्रीं गल्लींत बसली होती. मंडळी बहुतेक कारखान्यांतून काम करणारी. कोणी पैठणकडील, कोणी बीडकडील, कोणी परभणीकडील. अभंग झाले आणि भारुडास आरंभ झाला. सोंग जोश्याचें होतें. जोशीबुवांनीं भविष्य सांगतां सांगतां रात्रपाळी, भोंगा आणि ठेकेदार यांवर एक कडवें म्हटलें. श्रोते पोट धरून हसले. आणि कडव्याच्या शेवटीं 'एका जनार्दनी' ही मुद्रा जशीच्या तशी आली.

कार्यक्रम संपल्यावर गाणारास आम्हीं विचारिलें, "हें कडवें कोणाचें?"

"नाथांचंच की, काका."

"आणि भोंगा?"

"भोंगा आमचा. भारूड नाथांचं."

हें उत्तर त्यानें इतक्या सहजपणें दिलें कीं पुढें विचारण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. परंतु पोथ्या गोळा करणाऱ्या माणसाची झोंप उडविण्यास तेवढें पुरेसें होतें. आज जें घडलें तें गेल्या चारशें वर्षांत किती वेळां घडलें असेल? मुद्रित गाथांतून नाथांच्या नांवावर सुमारें तीनशें भारुडें आहेत. त्यांत नाथांचें काय आणि गल्लीचें काय?

दुसऱ्या दिवशीं सकाळीं स्नेह्यांच्या शेजाऱ्यांनीं एक बाड दाखविलें. हें कुटुंब मूळचें गोदाकांठचें; जायकवाडीच्या जलाशयांत ज्या गांवांच्या जमिनी गेल्या त्यांपैकीं एका गांवचें. आजोबा कीर्तनाच्या मागें टाळ धरीत असत, तें बाड त्यांचें. देशी कागद, दोऱ्यानें शिवलेला, कडा कसरीनें खाल्लेल्या. अक्षर बाळबोध, मधूनमधून मोडी. मिती कोठेंहि नाहीं. विकतां अथवा वाचतां ज्याला सुंदर म्हणतां येईल असें त्यांत कांहीं नव्हतें. पण प्रत्येक पदाच्या शिरावर 'चाल' असा शब्द घालून दुसऱ्या एखाद्या पदाचे पहिले दोन शब्द लिहिले होते, कोठें रागाचें नांव होतें, कोठें 'धुमाळी' अशी तालाची खूण होती. अशीं बाडें मूळ दोन होतीं. एक फार जीर्ण झालें म्हणून घरच्यांनींच तें पैठणास नेऊन गंगेंत सोडलें. जीर्ण पोथीची ही उत्तरक्रिया आपल्याकडे पुण्याची मानली गेली आहे, त्यामुळें रागावण्यास जागा नाहीं. हळहळण्यास मात्र आहे.

त्याच दिवशीं आम्ही पैठणास गेलों. रस्ता पन्नास-साठ किलोमीटरांचा; चितेगांव, बिडकीन, ढोरकीन मागें टाकीत जावें. पैठण म्हणजे सातवाहनांचें प्रतिष्ठान, 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत व टॉलेमीच्या भूगोलांत आलेलें नगर. त्या काळाच्या वस्तु पाहावयाच्या असल्यास कै. बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहांतून उभें राहिलेलें संग्रहालय गांवांत आहे. आमचें काम त्याहून अलीकडच्या काळाशीं होतें, म्हणून तेथें आम्ही फार वेळ थांबलों नाहीं. नदीवर आतां जायकवाडीचें धरण उभें आहे. लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें १९६५ सालीं त्याची पायाभरणी झाली व १९७६ सालीं तें पुरें झालें. जलाशयास नाथसागर असें नांव दिलेलें आहे. ज्या पाण्याखालीं वर सांगितलेल्या बाडाच्या मालकाचें शेत गेलें, त्या पाण्यासहि नाथांचेंच नांव असावें, हा योग विलक्षण खरा.

पैठणास नाथांचीं दोन स्थानें आहेत, आणि नवख्या माणसाचा त्यांत घोटाळा होतो. गोदावरीच्या कांठीं बाहेरील नाथमंदिर आहे, तेथें समाधि. गांवांतील नाथमंदिर म्हणून ज्यास म्हणतात तो नाथांचा राहता वाडा. आम्हांस पाहावयाचा होता तो हा दुसरा. जुन्या गांवाच्या अरुंद गल्लींतून तेथें जावें लागतें. वाड्यांत नाथांच्या पूजेंतील विजयी पांडुरंगाची मूर्ति आहे. ज्या खांबास टेकून नाथ पुराण सांगत तो खांब दाखवितात. गंध उगाळण्याची सहाण दाखवितात. आणि श्रीकृष्णानें श्रीखंड्या नांवाचा गडी होऊन बारा वर्षें कावडीनें ज्यांत पाणी भरलें तो रांजणहि दाखवितात. नाथषष्ठीच्या उत्सवांत या रांजणाची पूजा होऊन तो भरला जातो. पूजाअर्चा नाथांच्या वंशजांकडे आहे. वस्तूंवर चिठ्ठ्या नाहींत, कांचेची कपाटें नाहींत. तरीहि एका पदकाराच्या गृहस्थाश्रमाच्या खुणा त्याच्याच घरीं जपून लोकांस दाखविणें हें जर संग्रहालयाचें काम असेल, तर महाराष्ट्रांतील अशा प्रकारचें अत्यंत जुनें संग्रहालय हेंच म्हणावें लागेल. फरक एवढाच कीं येथें येणारा पाहण्यापूर्वीं हात जोडतो.

आम्हींहि जोडले. मग खांबाकडे पाहत बराच वेळ बसलों.

खांब खरा कीं खोटा, हा प्रश्न आम्हीं कोणास विचारिला नाहीं. लांकूड चारशें वर्षें टिकत नाहीं असें नाहीं. टिकलेंच असेल असेंहि नाहीं. वाड्यांची दुरुस्ती पिढ्यान्‌पिढ्या होत असते. खांब, सहाण आणि रांजण या तिन्ही वस्तु ज्या कथांस धरून आहेत त्या कथा आपणांस मुख्यतः चरित्रकारांकडून मिळतात. आणि त्यांत सर्वांत अधिक वाचला गेलेला महीपति, त्याचा 'भक्तविजय' शके १६८४ मधला व 'भक्तलीलामृत' शके १६९६ मधलें. म्हणजे नाथांनंतर सुमारें पावणेदोनशें वर्षांनीं कथा कागदावर स्थिर झाल्या. श्राद्धाचें अन्न अंत्यजांस वाढल्याची, तापलेल्या वाळवंटांत रडणारें महाराचें पोर कडेवर घेतल्याची, तहानलेल्या गाढवास काशीची कावड पाजल्याची, यांतील बहुतेक कथांचें स्थान हें घर व ही नदी आहे. घर त्यांस ठिकाण देतें. साक्ष देत नाहीं.

कालनिर्णयाचीहि तीच स्थिति. नाथांचा जन्म कोणी शके १४५०, कोणी १४५५, कोणी १४७० असा देतात. निर्याण शके १५२१, फाल्गुन वद्य षष्ठी, याविषयीं वाद फारसा नाहीं. तथापि इसवी सन लिहितांना रूढी १५९९ लिहिण्याची आहे. फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना असल्यामुळें, आपल्याकडील नेहमींच्या गतशकाप्रमाणें ती तिथि १६०० च्या आरंभीं पडावयास पाहिजे. जंत्री घेऊन बसणाऱ्यांनीं याचा विचार करावा. ग्रंथांच्या मित्या मात्र नाथांनीं स्वतः घालून ठेविल्या आहेत. 'रुक्मिणीस्वयंवर' शके १४९३, एकादश स्कंधावरील भागवत शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेस वाराणसींत पुरें झालें. आपला ग्रंथ कोठें व केव्हां संपला हें सांगण्याची काळजी घेणारा हा माणूस होता, एवढें येथें लक्षांत ठेवावें.

पदकारांचीं घरें जपण्याची चाल युरोपांतहि आहे. बीथोव्हेन १७७० सालीं ज्या घरांत जन्मला तें बॉन शहरांतील घर पाडलें जाऊं नये म्हणून १८८९ सालीं तेथील नागरिकांनीं मंडळ स्थापून तें विकत घेतलें. आज त्या घरीं त्याच्या हातच्या स्वरलिपींचा मोठा संग्रह आहे. बाखचें जन्मघर म्हणून आयझेनाख येथें १९०७ सालीं संग्रहालय उघडलें. पुढें जुनीं कागदपत्रें तपासतां बाखचें कुटुंब त्या घरांत राहतच नव्हतें असें निघालें. संग्रहालय बंद झालें नाहीं, आणि होण्याचें कारणहि नव्हतें. कारण बाखचें संगीत त्या घराच्या भिंतींवर अवलंबून नव्हतें, तें कागदावर होतें. आमची अडचण याच्या उलट आहे. पैठणच्या घराविषयीं परंपरा अखंड आहे, वंशज आहेत, उत्सव आहे. नाहीं तो कागद. भारुडांच्या नाथकालीन चाली कोणींहि लिहून ठेविल्या नाहींत. वाड्यांत बसून आम्ही जें ऐकूं इच्छीत होतों तें वाड्यांत नव्हतें.

येथें एक मौज आहे, आणि ती मौज म्हणून सोडून देतां येत नाहीं. मराठींत दुसऱ्याच्या ग्रंथाचा पाठ शुद्ध करण्याचें काम समजून उमजून प्रथम ज्यांनीं केलें ते नाथच. ज्ञानेश्वरींत पाठांतरें शिरून ती अशुद्ध झालेली पाहून त्यांनीं ती शोधिली, आणि शेवटीं ओव्या जोडून काम पुरें झाल्याचा शक १५०६ व तारण संवत्सर नोंदविला. शक व संवत्सर यांचा मेळ बरोबर बसतो. त्याच ओव्यांत, या ग्रंथांत जो आपली ओंवी घालील त्यानें अमृताच्या ताटांत नरोटी ठेविली असें समजावें, अशा अर्थाची ताकीद आहे. राजवाड्यांनीं बीडच्या पाटांगणांत मिळालेल्या पोथीवरून नाथपूर्व म्हणून जी ज्ञानेश्वरी १९०९ सालीं छापविली, तिच्या शेजारीं नाथांची प्रत ठेवून विद्वानांनीं पुष्कळ वाद केला. ती मूळ पोथी पुढें अभ्यासकांच्या हातीं राहिली नाहीं, त्यामुळें वादाचा निकाल लागणें कठीण. पण नाथांची दृष्टि काय होती याविषयीं शंका नाहीं: दुसऱ्याच्या ग्रंथांत कोणीं आपलें घालूं नये.

आणि याच माणसानें जीं भारुडें केलीं तीं अशीं कीं त्यांत घालण्याचा मोह कोणासहि आवरूं नये. जोशी, गोंधळी, वासुदेव, भुत्या, बाळसंतोष, पांगूळ, डोंबारी, कोल्हाटी, गारुडी, फकीर, विंचू, एडका, फुगडी, पिंगा, हुतूतू: गांवच्या चव्हाट्यावर जें दिसतें तें सर्व त्यांत आलें आहे. सोंग चव्हाट्याचें असल्यामुळें चव्हाटा बदलला कीं सोंग बदलतें. बजाजनगरचा भोंगा हा त्या नियमाचा अपवाद नव्हे, उदाहरण होय. ज्ञानेश्वरीच्या ताटांत जी नरोटी, ती भारुडाच्या ताटांत चालते काय? नाथांनीं याविषयीं ताकीद दिलेली आम्हांस माहीत नाहीं. त्यांच्याच घरांतील एक गोष्ट उलट बाजूस जाते. 'भावार्थरामायण' युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत येऊन थांबलें. पुढील भाग गावबानें पुरा केला. गावबा हा पुरणपोळीच्या लोभानें नाथांच्या घरीं राहिलेला मुलगा, अक्षरशत्रु म्हणून प्रसिद्ध. त्यानें तें काम नाथांच्या आज्ञेनें व नाथांच्या नांवानें केलें असें परंपरा सांगते. परंपरेचें म्हणणें पत्करावें, तर मुद्रा ही केवळ कर्त्याची सही राहत नाहीं. ती घराण्याची खूण होते. 'एका जनार्दनी' या मुद्रेंत नाथांनीं स्वतःचें नांव गुरूच्या नांवास जोडलें आहे. पुढच्यानें आपलें नांव गाळून त्या जोडींत आसरा घेतला तर त्यास चोरी म्हणावें कीं नम्रता, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं.

तथापि सर्वच सरमिसळ आहे म्हणून हात झटकून मोकळें होणें हें संशोधकास शोभणारें नाहीं. भारुडांत एक वर्ग असा आहे कीं त्याचें परीक्षण आमच्या वाचकांसच उत्तम करितां येईल. तो म्हणजे दफ्तरी कागदांच्या रूपांतील भारुडें: अर्जदास्त, अभयपत्र, ताकीदपत्र, जाबचिठी, कौल. यांतील अर्जदास्त पाहावी. शरीर हा परगणा, जीव त्याचा शेखदार, बुद्धि कारकून. परगण्याच्या देशमुख, देशपांडे, शेटे, महाजन, नाईकवाडी या जागांवर मन, ममता, दंभ, काम, क्रोध हे वतनदार होऊन बसले आहेत आणि सरकारकाम चालूं देत नाहींत, असें गाऱ्हाणें धन्याच्या पायांशीं मांडलेलें आहे. फारशी मायना, सलाम, बंदगी, सर्व यथास्थित. मोडी कागद ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस हसूं येईल, पण तें ओळखीचें हसूं असेल.

आतां यांतील अधिकाऱ्यांचीं नांवें पाहावीं. शेखदार अथवा शिकदार हा हुद्दा सुलतानी वहिवाटींतला. पेशवाईंत बसून एखाद्या हरिदासानें हें सोंग रचिलें असतें तर त्याच्या तोंडीं कमाविसदार अथवा मामलेदार येता. नाथांचे गुरु जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते. देवगिरी त्या काळीं निजामशाहींत होती. गुरुगृहीं नाथांनीं हिशेबाचें काम केलें आणि एका दमडीची चूक रात्रभर जागून काढली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. कथा बाजूस ठेविली तरी एवढें म्हणतां येतें कीं या भारुडाचा कर्ता परगण्याच्या दफ्तरांत बसून आलेला आहे आणि तें दफ्तर जुनें आहे. हा पुरावा निर्णायक नव्हे. जुने हुद्दे बोलण्यांत मागून कितीहि दिवस राहतात, आणि लेखकूनें जुना शब्द बदलला नाहीं एवढाच त्याचा अर्थ असूं शकेल. पण खांबापेक्षां ही साक्ष आम्हांस अधिक जवळची वाटली. ती तपासतां येते. अर्जदास्तीचे जितके पाठ निरनिराळ्या बाडांतून मिळतील तितके समोरासमोर मांडावे, आणि कोणत्या बाडांत शेखदार राहिला व कोणत्यांत तो बदलला हें पाहावें.

हें करावयाचें तर बाडें पाहिजेत, आणि येथेंच आम्हांस आमच्याच मंडळींविषयीं थोडें बोलणें भाग आहे. संग्राहक पोथी घेतो ती मितीची, पुष्पिकेची, सुवाच्य अक्षराची, शक्य तर चित्रांची. कीर्तनकाराचें अथवा टाळकऱ्याचें बाड, ज्यास आदि ना अंत, तेलाचे डाग, मध्येंच उधारीचा हिशेब, तें आम्हींहि पूर्वीं किती वेळां पाहून परत दिलें आहे. घेतलें तरी सूचींत 'स्फुट पदें, अपूर्ण' एवढीच नोंद होते. पदाच्या शिरावरील 'चाल' हा शब्द सूचिकारास दिसत नाहीं. वस्तुतः एका बाडांत या पदाची चाल त्या पदावर, दुसऱ्यांत त्याची तिसऱ्यावर, अशा खुणा जुळवीत गेल्यास आज जिवंत असलेल्या एखाद्या चालीपर्यंत येऊन पोंचतां येईल, आणि तिच्या आधारें मागें सरकतां येईल. नाथांच्या कंठापर्यंत पोंचूं, असें नव्हे. दोन-तीन पिढ्या मागें जाऊं, तेंहि थोडें नाहीं.

शिष्यांच्या बाडांनीं काय होतें याचें उदाहरण मराठी राज्याच्या दक्षिण टोंकास आहे. तंजावरकर भोसल्यांच्या मुलखांत तिरुवैयारु येथें त्यागराज (१७६७–१८४७) राहत. त्यांच्या कृति आज सर्व दक्षिण गाते. तिरुवैयारुच्या घरास मान आहे, समाधीवर दर वर्षीं आराधना होते. पण पाठाविषयीं वाद पडला म्हणजे विद्वान ज्याच्याकडे वळतात तीं वालाजापेटच्या वेंकटरमण भागवतांच्या घराण्यांतील हस्तलिखितें, जीं मदुरेच्या सौराष्ट्र सभेंत राहिलीं. कोणी एक शिष्य लिहीत बसला आणि त्याच्या वंशजांनीं तें नदींत सोडलें नाहीं, एवढ्यावर हें सर्व उभें आहे.

वाड्यांतून निघतांना संध्याकाळ झाली होती. ओसरीवर कांहीं बायका भारूड म्हणत बसल्या होत्या. खांब, रांजण, सहाण पाहून बाहेर पडलेला मनुष्य तेथें क्षणभर थांबे, दोन ओळी ऐके व पुढें जाई. त्यांतील एकीस आम्हीं विचारिलें, चाल कोणाकडून शिकलां? "आत्याबाईंकडून," ती म्हणाली; आणि आत्याबाईंनीं? "त्यांच्या सासूकडून." सासूचें गांव विचारतां तें आतां पाण्याखालीं आहे असें कळलें.

बजाजनगरास परत आल्यावर त्या बाडाच्या मालकांकडून आम्हीं परवानगी घेतली व पानापानाचीं छायाचित्रें काढून घेतलीं. मूळ बाड त्यांच्याच घरीं राहिलें. गंगेंत सोडणार नाहीं असें त्यांनीं आपण होऊन सांगितलें. त्यांत अर्जदास्त आहे, आणि तींत शेखदार आहे. पुढचें पान मात्र गेलेलें आहे.

रात्रीं कालचा गाणारा पाळीवरून सुटून भेटावयास आला. त्याचें भोंग्याचें कडवें आम्हीं त्याच्या तोंडून उतरून घेतलें, शिरावर चाल लिहिली, खालीं गांव व मिती घातली, आणि कर्त्याच्या जागीं त्याचें नांव लिहावयास लेखणी टेंकली. त्यानें हात आडवा केला.

"नांव कशाला, काका? मुद्रा आहे की खाली."

मिती मात्र त्यानें राहूं दिली.